ठाणे ते सीवूड्स, व्हाया अबू धाबी

फॉर्म्युला वनची २०२४ ची शेवटची रेस अबू धाबीला होती आणि मी निघालो सीवूड्सला. ट्रान्सहार्बरने जेमतेम चाळीस मिनिटं, व्हिसा लागत नाही, फक्त मावशीला आधी फोन करून सांगावं लागतं की जेवायला किती जण आहेत. तरी मी याला ट्रिपच म्हणणार, कारण बॅग भरली होती, तीन रात्रींचा मुक्काम होता आणि घरी बायकोला 'सोमवारी येतो' असं सांगून निघालो होतो, ती म्हणाली एवढ्यात माणूस महाबळेश्वर करून येतो.

आधी थोडं मागचं. मी, माझा मावसभाऊ निखिल आणि कॉलेजचा दोस्त सुज्या, आम्ही तिघं २०११ ला ग्रेटर नोएडाला पहिली इंडियन ग्रांप्री बघायला गेलो होतो, ट्रेनने, सगळ्यात स्वस्त स्टँडची तिकिटं काढून. तिथे शुक्रवारी सरावाच्या वेळेला ट्रॅकवर कुत्रा घुसला होता, सगळ्या जगाला तेवढंच लक्षात राहिलं, आम्हाला मात्र पहिल्यांदा इंजिनचा तो आवाज छातीत वाजला ते लक्षात आहे. वेटेल जिंकला, माझ्या मॅकलॅरेनचा बटन दुसरा आला. तेव्हा वाटलं आता काय, दरवर्षी येऊ. २०१३ नंतर रेसच बंद झाली. मग आम्ही टीव्हीवर एकत्र बघायचो, आधी नौपाड्यात आमच्या घरी, मग लग्नं झाली, निखिल सीवूड्सला, सुज्या कोपरखैरणेला आणि मी घोडबंदरला, आणि घोडबंदरहून रविवारी संध्याकाळी कुठे जायचं म्हणजे मेट्रोच्या कामातून वाट काढत आधी ठाण्यात पोहोचायचं, हाच एक वेगळा चॅम्पियनशिपचा विषय आहे.

२०२३ ने तर आमचा ग्रुपच झोपवला. बावीस रेस, त्यातल्या एकवीस रेड बुलने जिंकल्या, एकोणीस एकट्या वर्स्टॅपनने. उरलेली एक सिंगापूरची, ती फेरारीच्या साईन्झने जिंकली तेव्हा फेरारीवाल्या निखिलने पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. सुज्या सोडून (तो वर्स्टॅपनचा) आम्ही दोघांनी ग्रुप म्यूट केला. २०२४ सुरू झालं तेव्हाही पहिल्या दहातल्या सात वर्स्टॅपननेच घेतल्या, म्हणजे परत तेच. पण त्या दहाच्या आतबाहेर काहीतरी हलायला लागलं होतं. आणि डिसेंबरमध्ये शेवटच्या रेसला येईपर्यंत ड्रायव्हरचा किताब वर्स्टॅपनने लास व्हेगासलाच उचललेला असला तरी टीमचा किताब उघडा होता, मॅकलॅरेन ६४०, फेरारी ६१९. मॅकलॅरेनने शेवटचा टीमचा किताब घेतला १९९८ ला. मी तेव्हा शाळेत होतो, तेव्हाच्या मॅकलॅरेनच्या हकिननचा फोटो वहीच्या कव्हरच्या आत लावलेला होता. मग निखिलचा फोन आला, ये इकडे, एकत्र बघू, मी हरलो तर तुझ्यासमोर हरेन.

शुक्रवार, ६ डिसेंबर

हाफ डे टाकला. वागळे इस्टेटमधून रिक्षाने स्टेशनला आलो तर पुलावर पांढऱ्या कपड्यांतली, निळे झेंडे घेतलेली माणसं, चैत्यभूमीला चाललेली, काही बाहेरगावाहून आलेली, पोरं कडेवर, जेवणाची गाठोडी डोक्यावर. त्यांची वाट सोडून मी ट्रान्सहार्बरच्या प्लॅटफॉर्मकडे वळलो. पनवेल लोकल रिकामीच होती, खिडकी मिळाली.

तीन वाजता पहिला सराव सुरू. फोनवर लावलं, ऐरोलीपर्यंत नीट चाललं, मग रबाळे घणसोलीच्या मध्ये ते गोल गोल फिरणारं चक्र आलं आणि चित्र परत आलं तोवर दोन्ही फेरारींमध्ये लेक्लेर. मला वाटलं डोळ्यात काही गेलं. झालं असं की नव्या पोरांना संधी म्हणून साईन्झची गाडी त्या सत्रापुरती फेरारीच्या दुसऱ्या ड्रायव्हरच्या, शार्ल लेक्लेरच्या, धाकट्या भावाला दिली होती, आर्थरला, सख्खे भाऊ एकाच टीमकडून एकाच सत्रात पहिल्यांदाच. शेजारी एक आजोबा बसले होते, ते बराच वेळ माझ्या फोनमध्ये बघत होते, म्हणाले, यात पुढे कोण आहे ते कळतं कसं? मी म्हटलं, आजोबा सरावात पुढे-मागे काही नसतं, वेळ बघायची. ते म्हणाले, मग पळतायत कशाला एवढे. याचं उत्तर मला तुर्भे येईपर्यंत सुचलं नाही.

सुज्या कोपरखैरणेला चढला होता, निळी टोपी घालून. चारदा वर्ल्ड चॅम्पियन झालेल्या माणसाचा फॅन ज्या निवांतपणे गाडीत बसतो ना, तसा बसला. त्याला म्हटलं, तुझं तर काहीच पणाला नाही. म्हणाला, म्हणून तर आलो, तुमचे चेहरे बघायला.

सीवूड्सला उतरलो, स्टेशनच्या डोक्यावरच मॉल, त्यातून बाहेर पडायला जेवढं चालावं लागतं तेवढ्यात ठाण्यात मी स्टेशन ते तलावपाळी करतो. मावशीकडे पोहोचलो तर पहिली बातमी तिनेच दिली, "तो लेक्लेर पहिला आला सरावात, पण त्याला दहा जागा मागे टाकलाय, बॅटरी जास्तीची वापरली म्हणून. निखिल जेवला नाहीये नीट."

मावशीबद्दल सांगायला हवं. वय पासष्ट. २००७ ला निखिल इंजिनियरिंगला असताना हॉलमध्ये रेस लावून बसायचा आणि ही त्याच हॉलमध्ये कपड्यांना इस्त्री करत बसायची, त्यात तिला तो नवा मुलगा आवडला, पिवळ्या हेल्मेटचा, कारण त्याचे वडील प्रत्येक रेसला उभे असायचे. तेव्हापासून हॅमिल्टन तिचा. मॅकलॅरेनमध्ये होता तेव्हाही, मर्सिडीजमध्ये गेला तेव्हाही, २०२१ ला अबू धाबीला शेवटच्या लॅपला हातचा आठवा किताब गेला तेव्हा तिने दोन दिवस टीव्ही लावला नव्हता. आणि आता एक फेब्रुवारीला बातमी आली होती की पुढच्या वर्षी तो फेरारीत. म्हणजे हे त्याचं मर्सिडीजमधलं शेवटचं वीकेंड, बारा वर्षांनंतर. त्यामुळे त्या घरात तीन दिवस चार वेगवेगळी सुतकं आणि चार वेगवेगळी लग्नं एकाच वेळी चालू होती.

संध्याकाळी साडेसहाला दुसरा सराव, मॅकलॅरेनचे दोघं पुढे, नॉरिस पहिला, पियास्त्री दुसरा. मी चहाचा कप जरा जोरात ठेवला. निखिल काही बोलला नाही.

रात्री काकांनी मागच्या महिन्याचं कॅलेंडरचं पान काढलं, उलटं केलं आणि स्केचपेनने तक्ता आखला. काका बँकेतून रिटायर झालेत, त्यांना गाड्यांमध्ये काडीचा रस नाही पण बेरीज लागत नसेल तर झोप येत नाही. "मला एकदा नीट सांगा," ते म्हणाले, "दोन गाड्यांचे मार्क मिळवायचे, बरोबर? मग सगळे एकाच गाडीकडे का बघतात?"

मी सत्तावीस वर्षं रेस बघतोय, मला हा प्रश्न पडला नव्हता. मी पण एकाच गाडीकडे बघत आलो.

शनिवार, ७ डिसेंबर

पहाटे साडेपाचला काका उठवतात, हे त्या घरचं टाइमटेबल आहे, पाहुण्याला सवलत नाही. निखिल झोपून राहिला, मी, सुज्या आणि काका वॅगनआर घेऊन पाम बीच रोडला. काकांना फ्लेमिंगो दाखवायचे होते. खाडीच्या बाजूला गाडी लावली, अंधार निवळत होता, कांदळवनाच्या पलीकडे चिखलात लांबवर एक फिकट पट्टा दिसत होता. आले होते पण थोडेच, आणि गुलाबी कमी, करडे जास्त. काका म्हणाले, पिल्लं करडी असतात, रंग खाण्यातून येतो, वेळ लागतो. सुज्या माझ्याकडे बघून म्हणाला, नॉरिससारखं. त्याला पहिला विजय मिळायला ११० रेस लागल्या, त्याआधी पंधरा वेळा पोडियमवर उभा राहून आला होता, फक्त मधली पायरी सोडून.

तो पहिला विजय मे महिन्यात मायामीला, त्या रेसला मी एकटाच जागा होतो. आपल्याकडे सोमवारची रात्रीची दीड वाजताची रेस, आवाज बंद करून, हॉलमध्ये पंखा एकवर. सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू करणारी गाडी) त्याच्या नशिबाने योग्य वेळी आली हे खरं, पण नंतर वर्स्टॅपनला मागे ठेवून तो नुसता निघून गेला, आणि मी सोफ्यावर उशी तोंडात धरून ओरडलो. म्यूट केलेला ग्रुप पहाटे साडेतीनला मी उघडला. निखिलचा मेसेज आधीच पडलेला होता, 'जागा आहेस ना'. ग्रुप परत सुरू झाला तो त्या रात्री.

परत येताना सानपाड्याच्या अलीकडे गाडी एका बाजूला ओढायला लागली. पंक्चर. मागचं डावं. आता तीन माणसं, त्यातले दोन जण गेली पंधरा वर्षं पिट स्टॉपवर मतं देणारे. मॅकलॅरेनने २०२३ ला कतारमध्ये चारही टायर १.८० सेकंदात बदलले, तो रेकॉर्ड आहे, मला तोंडपाठ आहे. आम्हाला एक टायर बदलायला चौतीस मिनिटं लागली. त्यात जॅक कुठे लावायचा यावर सहा मिनिटं, एक नट सुटेना म्हणून पान्यावर सुज्या उभा राहिला त्यात दहा, आणि सगळं झाल्यावर कळलं की स्टेपनीत हवा अर्धीच. काका घड्याळ लावून बाजूला उभे. "तिकडे एका चाकाला किती माणसं असतात?" तीन, मी म्हटलं, एक गनवाला, एक जुनं काढणारा, एक नवं लावणारा. "आणि नट?" एकच. "मग तुमचे चार नट धरून चौतीस काही वाईट नाही," काकांनी निकाल दिला.

तशीच हळूहळू गाडी तुर्भ्याला एका टायरच्या दुकानात नेली. मार्केटच्या ट्रकांचं काम करणारं दुकान, बाहेर जुन्या टायरांची रास माणसापेक्षा उंच. दुकानातले मामा जुन्नरकडचे, गप्पा मारायला तयार. टायर टबात बुडवला, बुडबुडे कुठून येतायत ते बघितलं, खिळा काढून माझ्या हातावर ठेवला. मी त्यांना विचारलं, रबर झिजलं की वजन किती कमी होतं हो? ते हसले, म्हणाले, साहेब, ट्रकचा टायर नवा असताना एकट्याने लोळवत न्यावा लागतो, गुळगुळीत झाला की पोरगं उचलून नेतं.

मग मी त्यांना स्पाची गोष्ट सांगितली, अगदी तिथेच स्टुलावर बसून. जुलैमध्ये बेल्जियमला मर्सिडीजच्या दुसऱ्या गाडीतल्या रसेलने कमाल केली, बाकीचे दोनदा टायर बदलत होते, हा एकदाच थांबला आणि तेच जुने टायर शेवटपर्यंत रेटत नेऊन पहिला आला, हॅमिल्टन त्याच्या मागे अर्ध्या सेकंदावर. आणि नंतर वजनकाट्यावर गाडी दीड किलो कमी भरली. ७९८ पाहिजे, भरली ७९६.५. बाद. झिजलेल्या रबराचा त्यात वाटा असणार असं टीमचं म्हणणं होतं, रेसनंतर गाड्या सावकाश फिरवताना ट्रॅकवर पडलेले रबराचे तुकडे टायरला चिकटवून आणतात तेही स्पाला जमत नाही कारण तिथे तो पूर्ण फेरा मारायलाच मिळत नाही. मामांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे तो टायर वाचवायला गेला आणि टायरनेच मारलं." मग जरा थांबून, "मग जिंकला कोण?" हॅमिल्टन. "तो खूश झाला का?" हे मात्र मी मावशीला विचारलं पाहिजे म्हटलं.

(नंतर विचारलं. मावशी म्हणाली, असं मिळालेलं त्याला आवडत नाही, पण घेतो. सिल्व्हरस्टोनचं मात्र खरं होतं. तिथे तो ९४५ दिवसांनी जिंकला होता, वडिलांच्या गळ्यात पडून रडला होता, आणि मावशीने त्या दिवशी आम्हा सगळ्यांना फोन केले होते, जणू घरात मुलगा झालाय.)

दुपारी चंपाषष्ठीचं जेवण. मावशीकडे खंडोबा आहे, त्यामुळे चातुर्मासानंतर वांगं आणि कांदा त्या दिवशी ताटात परत येतो, भरीत, बाजरीची भाकरी, कांद्याची पात, वर लोणी. निखिल अखेर नीट जेवला. जेवताना हंगेरीचा विषय निघाला आणि परत वाद. तिथे पियास्त्री पुढे होता, टीमने नॉरिसला आधी पिटमध्ये घेतलं त्यामुळे तो आपसूक पुढे आला, आणि मग त्याला वीसेक लॅप सांगत राहिले की जागा परत दे. त्याने दिली, शेवटच्या दोन-तीन लॅपला, तोंड वाकडं करून. तेव्हा मी चिडलो होतो, म्हटलं हा वर्स्टॅपनशी ड्रायव्हर्सच्या किताबासाठी लढतोय, सात मार्क फुकट कशाला घालवता. सुज्या तर म्हणाला होता की वर्स्टॅपनने दिलीच नसती. आता भरीत खाताना मला वेगळंच वाटत होतं. टीमच्या हिशोबात त्या दिवशी काहीच बदललं नव्हतं, पहिला-दुसरा तो पहिला-दुसराच, पण पियास्त्रीला पुढच्या रेसला गाडीत बसताना काय वाटलं असेल ते बदललं असणार. मॉन्झाला दोघं आपापसात लढले आणि लेक्लेर एकाच स्टॉपवर रेस घेऊन गेला, तोही धडाच. त्यानंतर बाकूला पियास्त्रीने लेक्लेरला मागे धरून रेस काढली आणि मॅकलॅरेन २०१४ नंतर पहिल्यांदा टीमच्या तक्त्यात वर आली. त्या दिवशी नॉरिसची सुरुवातच पंधराव्या जागेवरून होती, तिथून चौथा आला. गणपतीत होती ती रेस, आमच्या सोसायटीच्या मांडवामागे उभा राहून बघितली, आरती चालू होती म्हणून आवाज बंद.

मी ऑफिसमध्ये दहा वर्षं दुसऱ्या गाडीतच आहे, म्हणजे प्रेझेंटेशन मी बनवतो आणि दाखवतो दुसरा. असो.

साडेसातला क्वालिफायिंग, म्हणजे रेसला कोण कुठल्या जागेवरून सुटणार ते ठरवणारं सत्र. नॉरिस पहिला, पियास्त्री दुसरा, साईन्झ तिसरा, लेक्लेर चौदावा म्हणजे दंड धरून एकोणिसावा. मी खुर्चीतून उठून परत बसलो. पण त्याआधीच मावशीचं वाटोळं झालं होतं. पहिल्याच फेरीत, मॅग्नुसेन वाट द्यायला बाजूला झाला, त्याच्या धक्क्याने कडेचा प्लास्टिकचा खांब उडाला आणि थेट हॅमिल्टनच्या गाडीखाली जाऊन अडकला. अठरावा. मर्सिडीजमधलं शेवटचं क्वालिफायिंग आणि एक प्लास्टिकचा खांब. मावशी उठली, किचनमध्ये गेली आणि एवढ्या रात्री चिवडा करायला घेतला, आम्हाला फोडणीचा आवाज येत होता. कोणी काही बोललं नाही. काकांनी तक्त्यावर स्केचपेनने नवीन रकाना आखला.

रविवार, ८ डिसेंबर

रेस संध्याकाळी साडेसहाला, तोवर करायचं काय म्हणून काकांनी अटल सेतू दाखवायला काढलं. सगळे कोंबून बसलो, मावशी पुढे. उलव्याकडून चढलो, एका बाजूला टेकडी कापून केलेलं विमानतळाचं काम दिसत होतं, आणि मग एकदम दोन्ही बाजूंना पाणीच. एकवीस किलोमीटर आठशे मीटर, त्यातलं साडेसोळा समुद्रावर, वेगाची मर्यादा शंभर. काका ऐंशीनेच. सुज्याने हिशोब काढला, तीनशेने गेलं तर साडेचार मिनिटांच्या आत शिवडी. काका म्हणाले, शिवडीला जाऊन काय करायचंय एवढ्या लवकर. गाडी थांबवायला मनाई आहे म्हणून मावशीने चालत्या गाडीतून खाडीचे नऊ फोटो काढले, नऊही फोटोत वॅगनआरचा आरसा.

परत येताना चेंबूरवरून वाशीच्या पुलाने आलो, छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबरपासून माफ झालाय तरी काकांचा हात सवयीने खिशाकडे गेला.

वाटेत सुज्याला ब्राझीलवरून चिडवायचं होतं पण चिडवता येत नाही, हाच त्रास आहे. ती रेस भाऊबीजेला होती. शनिवारी पावसाने क्वालिफायिंग रद्द, ते रविवारी घेतलं, आपल्याकडे दुपारी चारला, म्हणजे मी ताईकडे पाटावर बसलेलो आणि फोन मांडीवर. नॉरिस पहिला, वर्स्टॅपन दंड धरून सतरावा. ताई ओवाळताना म्हणाली, तोंड एवढं का फुललंय. म्हटलं आता धरतो वर्स्टॅपनला. रात्री नऊला रेस, धो धो पाऊस, आणि तो सतराव्यावरून पहिला आला. लाल झेंडा (मध्येच रेस थांबवतात तो) त्याच्या पथ्यावर पडला वगैरे आम्ही त्या रात्री खूप लिहिलं, पण खरं सांगायचं तर त्या पावसात बाकीचे गाडी सांभाळत होते आणि हा एकटा चालवत होता. नॉरिस सहावा. ड्रायव्हर्सचा किताब तिथेच गेला, व्हेगास ही फक्त सही होती. सुज्या या सगळ्यावर गाडीत एक शब्द बोलला नाही, नुसता खिडकीबाहेर बघून हसत होता.

घरी येऊन जेवून जरा आडवे झालो. पावणेतीनला एफ टूची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या एक पायरी खालची, रेस लावली, तीही शेवटची, बोर्टोलेटो चॅम्पियन झाला, त्याची टीम इन्व्हिक्टा तीही चॅम्पियन, आणि त्या टीमच्या दुसऱ्या गाडीत कोण तर आपला बंगळुरूचा कुश मैनी. काकांनी झोपेतून डोळे न उघडता विचारलं, "त्याचे पण मार्क धरतात ना?" धरतात काका.

साडेसहा. दिवे गेले नाहीत, नेट गेलं नाही, हे आधी सांगून टाकतो कारण सगळ्यांना तीच भीती होती.

पहिलं वळण. वर्स्टॅपन आतून घुसला, पियास्त्रीला लागला, दोघंही गर्रकन फिरले. पियास्त्री पार शेवटी. दोन दिवस दुसऱ्या गाडीचं कौतुक मी ज्या तोंडाने केलं त्याच तोंडाने सुज्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. वर्स्टॅपनला दहा सेकंदांचा दंड. आणि तेवढ्यात निखिल ओरडला, कारण लेक्लेर एकोणिसावरून पहिल्याच लॅपला आठवा. म्हणजे दोन मिनिटांत सगळा तक्ता फिरला. माझ्या दोन गाड्यांपैकी एक उरली, त्याच्या दोन्ही धावत होत्या. पुढे पियास्त्रीने कोलापिंटोला मागून ठोकलं, त्यालाही दहा सेकंद.

काका चष्मा लावून तक्त्यावर. एक दीड तास आम्ही टीव्ही बघत होतो आणि काका कॅलेंडरचं पान. नॉरिस पुढे, साईन्झ मागे, लेक्लेर वर वर येत तिसरा. पिटमध्ये नॉरिस आला तेव्हा मी बघितलंच नाही, भिंतीकडे तोंड करून उभा होतो, नट अडकलेला मला परत बघायचा नव्हता. शेवटच्या पंधरा लॅपला काकांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "ऐका. आत्ता आहे असं राहिलं तर मॅकलॅरेन. पण हा साईन्झ जर पुढे गेला तर फेरारीचे ६१९ अधिक पंचवीस अधिक पंधरा, ६५९. मॅकलॅरेनचे ६४० अधिक अठरा, ६५८, आणि तो मागचा मुलगा दहावा आला तर एक, म्हणजे ६५९. सारखे. सारखे झाले तर काय करतात?"

निखिल हळूच म्हणाला, "जास्त विजय कोणाचे ते बघतात."

आम्ही बोटांवर मोजले. दोघांचे तोवर पाच पाच. साईन्झ जिंकला तर फेरारीचे सहा.

म्हणजे पियास्त्रीचा तो एक मार्क धरूनही मला एक जागा सुद्धा सोडून चालणार नव्हतं. चोवीस रेस, मार्चपासून डिसेंबरपर्यंत, आणि सहा सेकंदांचं अंतर. तो पंधरा लॅपचा काळ मी सोफ्याच्या हातावर बसून काढला, मांडी दुखायला लागली तरी हललो नाही. साईन्झ जवळ आला नाही. नॉरिसने एक चूक केली नाही, जो मुलगा वर्षभर पोल (सुटतानाची पहिली जागा) घेऊन पहिल्या लॅपला जागा घालवायचा तो त्या दिवशी अट्ठावन्न लॅप एकटा, कंटाळवाणा, सरळ रेषेत चालवत राहिला. इतकी सुंदर कंटाळवाणी रेस मी बघितली नाही.

झेंडा पडला. ६६६ आणि ६५२. मी उठलो, काय करावं कळेना, आणि पहिला हात निखिलनेच पुढे केला. त्याचा हात थंड पडला होता. म्हणाला, "सव्वीस वर्षं ना रे? आमची सोळा झाली, दोन हजार आठपासून." मग मीच रडलो, त्याने पाठीवर थापटलं, सुज्याने व्हिडिओ काढला, तो व्हिडिओ त्याने डिलीट करावा अशी माझी इथे जाहीर विनंती आहे.

आणि या सगळ्यात आमचं कोणाचंच लक्ष नव्हतं तेव्हा मावशी किंचाळली होती. आम्हाला वाटलं माझ्यासाठी. तर नाही. मागे, इतरांच्या दंडांमुळे अठराव्याऐवजी सोळाव्या जागेवरून सुरू केलेला हॅमिल्टन, आधी टणक टायरवर लांबच लांब पहिला टप्पा काढून, मग मीडियम घेऊन, रसेलला शेवटच्या लॅपला बाहेरून ओलांडून चौथा आला होता. पोडियम नाही, काही नाही. मावशीने तेवढंच बघितलं होतं. आम्ही रिप्ले लावला, तिने दोनदा बघितला, मग तो सरळ रस्त्यावर गाडी गोल गोल फिरवून धूर करत होता आणि उतरून चाकापाशी खाली बसला, एकटाच, तेव्हा तिने पदर डोळ्याला लावला. "बारा वर्षं," म्हणाली, "माणूस घर बदलताना सुद्धा भिंतीवरून हात फिरवतो."

काकांनी तक्त्यावर शेवटचे आकडे भरले, खाली दोन रेघा मारल्या, तारीख घातली. बेरीज लागली होती. पावणेदहाला झोपायला गेले.

आम्ही तिघं बाल्कनीत बसलो, चिवडा आणि चहा. सात वेगवेगळे ड्रायव्हर जिंकले या वर्षी, वर्स्टॅपन नऊ, नॉरिस चार, लेक्लेर तीन आणि बाकीचे चौघं दोन दोन. सुज्या म्हणाला, मला पण हेच वर्ष जास्त आवडलं, मागच्या वर्षी मी एकोणीस वेळा जिंकलो पण सांगायला कोणी ऑनलाइन नव्हतं.

सोमवार, ९ डिसेंबर

साडेपाचला काकांनी उठवलं. आठ अठराची ठाणे लोकल. मावशीने चिवड्याचा डबा दिला, डबा परत आणायचा या अटीवर, आणि दारात चपला घालताना विचारलं, "पुढच्या वर्षी आता लाल घालायचं का रे मी? निखिल चिडवेल."

म्हटलं, मावशी, मेलबर्न सोळा मार्चला आहे, रविवार, आपल्याकडे सकाळी साडेनऊला. तू पोहे कर, लाल साडी काढून ठेव, निखिलचं मी बघतो.

ऐरोलीला खिडकीत जागा झाली. ऑफिसला पोहोचलो तर दहाच्या मीटिंगला कालचं प्रेझेंटेशन साहेबांना मेल करायचं राहिलेलं.